डिस्कवरच्या कॅटलॉगने ‘नोंद सापडली नाही’ म्हटले, तर

पुण्याच्या नाना पेठेतल्या एका बेअरिंग-सीलच्या दुकानात माझे अधूनमधून जाणे असते, कारण तेथील संगणकाची देखभाल माझ्याकडे आहे. तेथे दुपारी हमखास एक गिऱ्हाईक येते, ग्रीसने माखलेले बेअरिंग कागदातून काढून काउंटरवर ठेवते आणि “असंच एक द्या” म्हणते. बेअरिंगवरचा नंबर बहुधा झिजलेला असतो. दुकानदार काका व्हर्निअर लावून आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजतात. पंचवीस, बावन्न, पंधरा असे आकडे आले की त्यांना कोणताही कॅटलॉग उघडावा लागत नाही, कारण ते ६२०५ आहे हे त्यांना पाठ आहे. (या मालिकेत ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, म्हणून ०५ म्हणजे २५.) परंतु गिऱ्हाइकाने एखाद्या जुन्या परदेशी मशीनचे सील किंवा नळजोडणीचा भाग आणला, की काका काउंटरखालच्या खणातून उत्पादक कंपनीचा कॅटलॉग असलेली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एक सीडी काढतात. उत्पादक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सहसा आज विक्रीत असलेला माल दिसतो, आणि बंद झालेल्या मालाची मापे मात्र या जुन्या डिस्कवरच उरलेली असतात.

अशा डिस्कविषयीच्या बहुतेक तक्रारी एकाच वाक्यात येतात: “अहो, कॅटलॉग चालत नाही.” या वाक्याने काहीच कळत नाही, कारण डिस्कवरचा कॅटलॉग ही एक वस्तू नसून एकावर एक रचलेल्या तीन वस्तू असतात. सर्वांत खाली प्लास्टिकची चकती आणि ती वाचणारा ड्राइव्ह असतो, त्यावर खिडक्या, बटणे आणि शोधाची चौकट दाखवणारा प्रोग्राम असतो, आणि सर्वांत वर मालाची माहिती व तिची सूची असते. बिघाड यांपैकी कोणत्या थरात आहे हे ठरवल्याशिवाय केलेली प्रत्येक खटपट वाया जाते. प्रोग्राम पुन्हा पुन्हा टाकणारे आणि डिस्क शर्टाला पुसणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. दोष त्यांनी टाइप केलेल्या नंबरातच होता, असे त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत निघाले.

म्हणून आधी शोधाविषयी लिहितो. कॅटलॉगमध्ये नंबर टाइप केला की प्रोग्राम सगळी पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. कॅटलॉग तयार करतानाच एक सूची बनवलेली असते, आणि तिचे काम पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरील शब्दसूचीसारखेच असते: हा शब्द अमुक नोंदींमध्ये आहे, तो नंबर तमुक नोंदीत आहे. प्रोग्राम फक्त या सूचीत पाहतो. याचा फायदा वेगाचा आहे आणि तोटाही त्यातूनच येतो, कारण सूचीत शब्द ज्या रूपात नोंदवला आहे त्याच रूपात आपण विचारला पाहिजे. पुस्तकाच्या सूचीत ‘टिळक’ शोधताना आपली नजर ‘लोकमान्य’ या नोंदीवरही जाते. जुन्या कॅटलॉगच्या प्रोग्रामला ही सवय नसते. त्याच्या दृष्टीने ‘६२०५-२आरएस’, ‘६२०५ २आरएस’ आणि ‘६२०५२आरएस’ हे तीन वेगळे शब्द असू शकतात.

यावर साधा उपाय म्हणजे कमी विचारावे. पूर्ण नंबर टाइप करण्याऐवजी फक्त ‘६२०५’ टाइप करून पुढे तारांकन * द्यावे. तारांकनाचा अर्थ ‘यापुढे काहीही चालेल’ असा होतो, आणि प्रश्नचिन्हाचा अर्थ बहुधा ‘या जागी कोणतेही एक अक्षर’ असा होतो. यादी लांबलचक आली तरी हरकत नाही, कारण तिच्यातील पहिल्या पाच-सहा नोंदी पाहिल्या की या कॅटलॉगमध्ये नंबर कोणत्या पद्धतीने लिहितात हे कळते, आणि पुढचा शोध त्याच पद्धतीने करता येतो. मी स्वतः नवीन डिस्क हातात आली की आधी मला पाठ असलेला एखादा नंबर शोधून पाहतो. तो सापडला, तर चकती आणि प्रोग्राम दोन्ही ठीक आहेत असे समजून पुढे जाता येते.

नंबरापुढची शेपटी हा स्वतंत्र विषय आहे. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेल्या बेअरिंगला आपल्याकडे सर्रास ‘टू आरएस’ म्हणतात, परंतु हे सगळ्या कंपन्यांचे लेखन नाही. एसकेएफच्या कॅटलॉगमध्ये ते ‘२आरएस१’ किंवा ‘२आरएसएच’ असे सापडते, एफएजीच्या कॅटलॉगमध्ये ‘२आरएसआर’, एनएसकेच्या ‘डीडीयू’ आणि एनटीएनच्या ‘एलएलयू’ असे असते. पत्र्याचे झाकण असलेल्या बेअरिंगला एनएसके आणि एनटीएन ‘झेडझेड’ लिहितात, तर एसकेएफ ‘२झेड’ लिहिते. त्यामुळे एनएसकेच्या डिस्कवर ‘२आरएस’ शोधून काही मिळाले नाही, तर त्यात डिस्कचा काहीही दोष नसतो. ‘सी३’ ही शेपटी मात्र जवळजवळ सगळीकडे सारखीच आहे. आतील मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे एवढे ती सांगते.

नंबर माहीत नसेल आणि नावाने शोधायचे असेल, तर अडचण आणखी वाढते, कारण पुण्याच्या वर्कशॉपमध्ये वस्तूला जे नाव आहे ते कॅटलॉगमध्ये क्वचितच असते. आपण ज्याला ॲलन बोल्ट म्हणतो तो कॅटलॉगमध्ये ‘सॉकेट हेड कॅप स्क्रू’ असतो. आपला ग्रब स्क्रू तेथे ‘सॉकेट सेट स्क्रू’ असतो, सर्क्लिप ‘रिटेनिंग रिंग’ असते आणि ऑइल सील ‘रेडियल शाफ्ट सील’ असते. अशा वेळी मानकाचा क्रमांक, उदाहरणार्थ जर्मन मानकाचा म्हणजे ‘डीआयएन’चा, फार उपयोगी पडतो. ॲलन बोल्टसाठी ‘डीआयएन ९१२’, शाफ्टवर बसणाऱ्या सर्क्लिपसाठी ‘डीआयएन ४७१’ आणि भोकात बसणाऱ्या सर्क्लिपसाठी ‘डीआयएन ४७२’ टाइप केले, तर भाषेचा प्रश्नच उरत नाही. डिस्क अगदी नवी असेल आणि ९१२ ने काही सापडले नाही, तर ‘आयएसओ ४७६२’ वापरून पाहावे, कारण जुन्या डीआयएन मानकाची जागा आता त्याने घेतली आहे.

मापांवरून शोधणे हा तिसरा मार्ग, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा. त्यात आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी यांच्या वेगवेगळ्या चौकटी असतात. येथे झिजलेल्या वस्तूचे माप जसेच्या तसे भरू नये. बेअरिंगची कडी कठीण पोलादाची असल्याने तिचे माप फारसे बदलत नाही, परंतु ऑइल सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, झिजलेला असतो, त्यामुळे आतला व्यास सीलवर न मोजता ज्या शाफ्टवर ते बसते त्या शाफ्टवर मोजावा. प्रोग्राममध्ये ‘पासून-पर्यंत’ अशी सोय असेल तर थोडी सूट ठेवावी, म्हणजे ५२ ऐवजी ५१ ते ५३ असे भरावे.

दशांश चिन्हाचीही एक गंमत आहे. जर्मनीत दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. तेथे तयार झालेला प्रोग्राम स्वल्पविरामाची अपेक्षा करत असेल आणि आपण २५.४ टाइप केले, तर काही प्रोग्राम ते २५४ असे वाचतात. एक इंचाच्या शाफ्टऐवजी दहा इंचांचा शाफ्ट शोधला जातो, आणि ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते.

भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मला एकदा असाच बोलावा आला होता. मशीन बंद पडलेले, फोरमन वैतागलेला, आणि कॅटलॉग एका हायड्रॉलिक सीलच्या नंबरला ‘नाही’ म्हणत होता. तोच नंबर आदल्या वर्षी त्याच डिस्कवर सापडला होता, याचे छापील पानही स्टोअरकीपरकडे होते. मी नंबर हाताने टाइप केला तर नोंद आली. त्यांनी केला तर येईना. त्यांना दोन-तीनदा तेच करायला सांगून मी बाजूला उभा राहून पाहिले, तेव्हा लक्षात आले की ते नंबर टाइप करतच नव्हते, एक्सेलच्या यादीतून उचलून चिकटवत होते. त्या यादीत प्रत्येक नंबरानंतर एक रिकामी जागा होती. डोळ्यांना ती दिसत नाही, प्रोग्रामला मात्र तेही एक अक्षरच वाटते. चिकटवल्यावर ‘एंड’ची कळ दाबून एकदा ‘बॅकस्पेस’ दाबले, आणि काम झाले. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो: नंबर टाइप केला की चिकटवला? दुसरा प्रश्न इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांचा असतो. यंत्राच्या पाटीवर दोन्ही सारखेच दिसतात.

शोध बरोबर असूनही उत्तर येत नसेल, किंवा प्रोग्राम मध्येच थिजत असेल, तर चकतीकडे वळावे. सीडी बारा सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती असते. तिच्यावरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असते, आणि ती रेषा उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. लोक चमकदार बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात, हे उलट आहे. माहितीचा थर आणि त्यामागचा ॲल्युमिनिअमचा पातळ मुलामा छापील बाजूला, लाखेच्या एका पापुद्र्याखाली असतो. चमकदार बाजूला ओरखडा पडला तर बहुधा फक्त प्लास्टिक खरवडले जाते, पण छापील बाजूच्या ओरखड्याने मुलामाच निघून जातो आणि तेथील माहिती कायमची जाते. चकती उजेडासमोर धरली आणि सुईच्या टोकाएवढे लख्ख ठिपके दिसले, तर तो मुलामा गेलेला आहे.

सीडीवर चुका दुरुस्त करण्याची सोय मुळातच असते. डेटा सीडीच्या २,३५२ बाइटच्या प्रत्येक तुकड्यात आपली माहिती फक्त २,०४८ बाइट असते, आणि उरलेल्यापैकी बहुतेक जागा चुका ओळखून भरून काढण्यासाठी ठेवलेली असते. ही सोय छोट्या-छोट्या विखुरलेल्या चुकांवर चांगली चालते, सलग मोठ्या चुकीवर चालत नाही. चकती नेहमी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवत पुसू नये, याचे कारण हेच आहे. सरळ ओरखडा सर्पिल रेषेला ठिकठिकाणी थोडा-थोडा छेदतो आणि प्रत्येक ठिकाणची चूक भरून निघते, परंतु गोल ओरखडा रेषेच्या बाजूनेच धावतो आणि सलग माहिती खातो. पुसायला किंचित ओले मऊ सुती कापड पुरते. थिनर किंवा ॲसिटोन कधीही वापरू नये, कारण त्याने प्लास्टिक पांढुरके होते.

दोष चकतीत आहे की ड्राइव्हमध्ये, हे ठरवण्यासाठी एकच परीक्षा पुरेशी असते. तीच चकती दुसऱ्या संगणकात आणि दुसरी चकती त्याच ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा: सीडी ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरने वाचली जाते आणि डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरने, त्यामुळे एखादा ड्राइव्ह सीडी व्यवस्थित वाचतो आणि डीव्हीडी ओळखतच नाही, असे होऊ शकते. लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला बाहेरचा ड्राइव्ह अडखळत असेल, तर आधी वायर बदलून पाहावी आणि तो हबऐवजी थेट संगणकाला जोडावा, कारण अनेकदा त्याला पुरेशी वीज मिळत नसते. ड्राइव्हची शंका फिटल्यावर चकतीवरच्या सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये उतरवून पाहाव्यात. जेथे ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ असा संदेश येऊन काम थांबते, ती फाइल खराब झाली आहे. ती केवळ एखादे चित्र असेल तर कॅटलॉग तिच्याशिवायही चालतो, पण ती सूचीची फाइल असेल तर शोध चालणार नाही.

आता प्रोग्राम. चकती वाचली जाते, फाइली दिसतात, पण ‘सेटअप’वर दोनदा क्लिक केल्यावर ‘हे ॲप या संगणकावर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. १९९० च्या दशकातल्या डिस्कांच्या बाबतीत याचे नेहमीचे कारण असे की प्रोग्राम किंवा निदान त्याचा सेटअप १६-बिट असतो, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम मुळीच चालवत नाही. येथे ‘कंपॅटिबिलिटी मोड’ कितीही बदलला तरी उपयोग होत नाही. अशा वेळी आभासी संगणक, म्हणजे प्रोग्रामच्या मदतीने आपल्याच संगणकात उभा केलेला दुसरा संगणक, तयार करून त्यात जुने विंडोज टाकणे हाच खात्रीचा मार्ग आहे. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे संरक्षण ८ एप्रिल २०१४ पासून मिळत नाही, म्हणून त्या आभासी संगणकाला इंटरनेट जोडू नये. कॅटलॉग पाहायला त्याची गरजही नसते.

काही डिस्कांवर वेगळा प्रोग्राम नसतो, ब्राउझरमध्ये उघडणारी पाने असतात. त्यांतील फिरणारी चित्रे आणि मेनू ॲडोबीच्या फ्लॅश या जुन्या तंत्रात बनवलेले असतील तर ते दिसणार नाहीत, कारण कंपनीने ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद केले. पाने फक्त इंटरनेट एक्सप्लोररसाठी लिहिलेली असतील तर मायक्रोसॉफ्ट एजमधील ‘आयई मोड’ अनेकदा मदतीला येतो. मदतीची जुनी ‘एचएलपी’ प्रकारची फाइल विंडोज १० मध्ये उघडत नाही. त्यामुळे कॅटलॉग बिघडला असे समजू नये.

प्रोग्राम सुरू होतो, पण वारंवार ‘डिस्क घाला’ म्हणतो, ही त्यानंतरची तक्रार. प्रोग्राम टाकताना बहुधा दोन पर्याय विचारलेले असतात. एकात फक्त प्रोग्राम हार्ड डिस्कवर जातो आणि माहिती चकतीवरच राहते, दुसऱ्यात सगळेच उतरते. पहिला पर्याय निवडला असेल तर प्रत्येक शोधाला ड्राइव्ह फिरतो आणि उत्तर उशिरा येते, विशेषतः पहिले, कारण थोडा वेळ वापर झाला नाही की चकती फिरायची थांबते. शिवाय अशा प्रोग्रामने ‘माझी चकती डी ड्राइव्हमध्ये आहे’ असे लिहून ठेवलेले असते. पुढे कोणी हार्ड डिस्कचे दोन भाग केले किंवा पेन ड्राइव्ह लावून ठेवला, तर सीडीचे अक्षर ‘ई’ किंवा ‘एफ’ होऊ शकते, आणि चकती ड्राइव्हमध्ये असूनही प्रोग्राम ती मागत राहतो. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन जुने अक्षर परत दिले की हा प्रश्न संपतो.

आणखी एक विचित्र वाटणारी तक्रार म्हणजे सकाळच्या पाळीतल्या माणसाने साठवलेली मागणीची यादी दुपारच्या पाळीतल्याला दिसत नाही. जुने प्रोग्राम अशी यादी स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नाही, म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप त्या-त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. प्रत्येकाची यादी वेगळी होते आणि चोरीचा संशय येतो. प्रोग्राम पुन्हा टाकताना ‘सी’वर ‘कॅटलॉग’ असा साधा फोल्डर करून त्यात टाकावा, आणि तेथे सगळ्यांना लिहिण्याची परवानगी द्यावी.

एवढे सगळे सुरळीत झाले की त्याच दिवशी चकतीची प्रतिमा-फाइल, म्हणजे सगळ्या चकतीची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल, बनवून ठेवावी. फाइली नुसत्या उतरवून घेण्यापेक्षा हे बरे, कारण पुष्कळ प्रोग्राम चकतीचे नाव तपासतात आणि ड्राइव्ह खरोखर सीडीचा आहे का हेही पाहतात. प्रतिमा-फाइलमध्ये ते नाव जसेच्या तसे राहते, आणि विंडोज ८ पासून तिच्यावर दोनदा क्लिक केले की ती सीडीच्या ड्राइव्हसारखीच उघडते. परवान्यात प्रत काढण्यास मनाई नाही ना, तेवढे आधी वाचावे. मूळ चकतीवर कागदी लेबल चिकटवू नये आणि बॉलपेनने लिहू नये. लिहायचेच तर मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे.

राहिल्या किमती. जुन्या डिस्कवर मापे, वजने आणि नंबर आजही उपयोगाचे आहेत, किमती नाहीत. भारतीय विक्रेत्यांच्या ज्या डिस्का १ जुलै २०१७ पूर्वीच्या आहेत, म्हणजे जीएसटी येण्याआधीच्या, त्यांतल्या आकड्यांत उत्पादन शुल्क आणि व्हॅटचा हिशेब कसा धरला आहे हेही आता नीट सांगता येत नाही. नाना पेठेतल्या काकांच्या प्रोग्राममध्ये किमतीचा रकाना लपवण्याची सोय नाही. गिऱ्हाईक काउंटरवरून वाकून पडद्याकडे पाहते आणि “इथे तर एकशे दहा लिहिलंय की” म्हणते, म्हणून त्यांनी पडद्याच्या उजव्या कडेला, बरोबर त्या रकान्यावर, कागदी चिकटपट्टी लावून टाकली आहे.